इग्वानाचा जबडा बघितला, भिंतीवरचा सॉकेट बघायचा राहिला

लिहू का नको असं आठवडाभर चाललं होतं, एका जाहिरातीला फसून 9,500 रुपये गेले ते गेले, वर चारचौघात सांगायची लाज. पण परवा तीच जाहिरात परत दिसली, नुसतं गाव बदलून, म्हणून लिहितोय.

माझ्याकडं तीन वर्षं एक रेड इअर्ड स्लायडर कासव आहे. राजारामपुरीत ओळखीच्या एकांनी पोराला हौसेनं रुपयाएवढं पिल्लू घेऊन दिलेलं, ते तळहाताएवढं झाल्यावर घरात नको झालं आणि हे निघाले रंकाळ्यात सोडायला. मूळचं अमेरिकेतलं कासव, आपल्या तळ्यात गेलं की इथल्या कासवांच्या मुळावर येतंय, म्हणून मी ठेवून घेतलं. कवच अंगठ्यानं दाबलं तर दबायचं एवढं मऊ. यूव्हीबी दिवा (उन्हातले अतिनील किरण देणारा), कॅल्शियम, बरेच महिने लागले पण सुधारलं. तेव्हापासून आपल्याला लई कळतंय असं वाटायला लागलं, आणि तिथंच माती खाल्ली.

जाहिरात ग्रीन इग्वानाची, म्हणजे मोठा परदेशी सरडा. काचेच्या टाकीत कोपऱ्यात पडलेला, खालचा जबडा सुजलेला, मागचे पाय वाकडे. किंमत 6,000, खाली लिहिलेलं 'शिफ्टिंगमुळं अर्जंट, प्रेमानं सांभाळणाऱ्यालाच देणार'. मी फोन लावला. पुण्याचा माणूस, आवाज अगदी रडवेला, म्हणे कोणी नेला नाही तर कात्रजच्या तळ्यात सोडावा लागेल. ऊन देता का विचारलं तर म्हणतोय खिडकीजवळ टाकी आहे की. आता खिडकीच्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही, त्याशिवाय अंगात डी3 जीवनसत्त्व तयार होत नाही, मग खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं रबरासारखी होतात. हे सगळं मी त्याला अर्धा तास समजावलं, शेवग्याचा पाला घाला, नुसत्या पालकावर ठेवू नका, आणि तो पण 'हो दादा, लिहून घेतो दादा' करत ऐकत होता. व्हिडिओ कॉल करा म्हटलं तर कॅमेरा फुटलाय. तिथंच फोन ठेवायला पाहिजे होता, पण माझ्या डोळ्यासमोर तो जबडा.

घरात आईला फोटो दाखवला तर म्हणाली, 'घोरपड आणतोस व्हय रे घरात?' आई, घोरपड वेगळी, ती पाळली तर जेलच, असं मीच तिला शहाणपण शिकवलं.

टोकन 2,000 पाठवले. मग बॉक्स आणि ट्रॅव्हल्सचे 1,500. पहाटे पाचला मी कावळा नाक्यावर, थंडीत, हातात पांघरायला जुना टॉवेल. बस आली, क्लीनर म्हणतोय असलं काही पार्सल नाही. दहा मिनिटात दुसऱ्या नंबरवरून फोन, 'वनविभागातून बोलतोय, पेठ नाक्यावर तुमच्या नावाचा बॉक्स पकडलाय, केस करू का मिटवू?' आणि मी घाबरलो, कारण मला कायदा माहीत होता. इग्वाना सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 2 मध्ये आहे, 1 एप्रिल 2023 पासून असले परदेशी प्राणी आपल्या वन्यजीव कायद्यात आलेत, 2024 च्या नियमांनी परिवेश ह्या सरकारी पोर्टलवर नोंदणी लागते, प्राणी दुसऱ्याला दिला तर ते पण कळवावं लागतं. मी एका कागदाचं पण विचारलं नव्हतं. मिटवायला 6,000 यूपीआयनं सोडले. ह्यांचा सगळा धंदा ह्याच भीतीवर चालतो, घेणारा स्वतःच कचाट्यात, तक्रार कशाला करतोय.

दुपारी मित्रानं फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, हा सॉकेट बघ की. टाकीमागं भिंतीवर दोन उभ्या चिरा आणि खाली एक गोल भोक, अमेरिकेत असतो तसला. पुण्यात कुठल्या फ्लॅटमध्ये असतोय हा? इग्वाना कधी पुण्यात नव्हताच.

रागाच्या भरात मी त्याला मेसेज टाकला, 'सॉकेट तरी पुण्याचा लावायचास!' त्यानं लगेच ब्लॉक केलं. मग 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी व्यवहाराचे यूटीआर नंबर (प्रत्येक पेमेंटचा वेगळा क्रमांक) मागितले, तक्रार नोंदवली, पैसे अजून आलेले नाहीत. असा फोन आला तर त्याच मिनिटाला 1930 लावा, मी आठ तास घालवले. आणि वनविभागाच्या नावानं कोणी खाजगी नंबरवर पैसे मागितले तर आधी 1926 ला विचारा, ती वनविभागाची खरी हेल्पलाइन आहे. खराच हाल झालेला प्राणी दिसला तरी तिथंच कळवा, विकत घ्यायला जाऊ नका. स्टार कासव किंवा घोरपड कोणी विकत असेल तर बोलूच नका, दोन्ही वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत.

परवाच्या जाहिरातीत गाव नाशिक आहे. फोटो तोच, पण उजवीकडनं कापलाय, सॉकेट दिसत नाही. आणि खाली नवीन ओळ आलीय, 'रोज शेवग्याचा पाला चालू आहे'.