8 महिने, 22 डाव: 1864 च्या निवडणुकीचा पट आणि त्यातला राखाडी ठोकळा

अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे उत्तरेचं संघराज्य विरुद्ध फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं या लढाईच्या मध्यात, झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीवरचा हा पटावरचा खेळ. खोक्यात किती पत्ते, किती सोंगट्या, एका डावाला किती वेळ, हे सगळीकडे लिहिलेलं आहे. ते पुन्हा लिहीत नाही. उत्तरेचा तेव्हाचा अध्यक्ष लिंकन विरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षाचा मॅक्लेलन, जानेवारी ते ऑक्टोबर 1864 अशा 10 फेऱ्या, मग मतमोजणी, आणि मॅक्लेलन जिंकला तर 'दुसरा अध्यक्ष' नावाचा 4 फेऱ्यांचा उत्तरार्ध. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून खेळ 6 हजारांच्या पुढे जातो. एवढे पैसे मोजून सगळ्या युद्धकैद्यांसाठी मिळतो एकच राखाडी ठोकळा, 0 ते 10 च्या 'असंतोष' पट्टीवर सरकणारा. माझं भांडण त्या ठोकळ्याशी आहे.

आधी किरकोळ गोष्टी उरकतो. पावसाळ्यात पत्ते वाकतात, त्यामुळे कव्हरं पहिल्याच दिवशी घाला आणि खोक्यात सिलिका जेलच्या 4 पुड्या टाका. पटाची घडी तिसऱ्या महिन्यात उसवते. आतून कापडी पट्टी डिंकाने लावली की टिकते, प्लॅस्टिकची चिकटपट्टी मात्र उकलते. 2 पत्ते चुकीचे छापलेत. दुरुस्त पत्ते फुकट मिळतात, पण 3 वेळा मागावे लागले.

आता ठोकळा. नियम असा की तो 5 च्या वर गेला की लिंकनचं ओहायो आणि पेन्सिल्व्हेनियात दर फेरीला 1 मत घटतं. मॅक्लेलन जिंकला की डिसेंबरच्या फेरीत 'कैदी घरी' हा पत्ता निघतो आणि ठोकळा शून्यावर येतो. हा पत्ता दोन कारणांनी खोटा आहे.

पहिल्या 10 डावांनंतर माझं मत होतं की शिक्षा फार हलकी आहे, 1 ऐवजी 2 मतं घटवा. डेमोक्रॅटिक पक्षाने ऑगस्टच्या शिकागो अधिवेशनातल्या जाहीरनाम्यात कैद्यांकडे केलेल्या दुर्लक्षाबद्दल सरकारला दोष देणारं स्वतंत्र कलम घातलं होतं, हा माझा आधार. ते मत मी बदललं. त्या उन्हाळ्यात अँडरसनव्हिल या दक्षिणेच्या जॉर्जियातल्या छावणीत अडकलेल्या उत्तरेच्या कैद्यांनी 'आमची अदलाबदल करा' असा अर्ज सरकारला लिहिला हे खरं. पण नोव्हेंबरमध्ये दक्षिणेच्याच कॅम्प लॉटन या दुसऱ्या छावणीच्या कुंपणाआड कैद्यांनी आपापसांत मतदान घेतलं तेव्हा लिंकनच जिंकला. ज्या राज्यांनी सैनिकांची मतं वेगळी मोजली तिथेही चारांतली तीनहून अधिक मतं त्याचीच. उपाशी माणसं अर्ज करत होती आणि तरीही त्यालाच निवडत होती. 'असंतोष' या एका आकड्यात हे मावत नाही. दंड वाढवून उपयोग नाही, यंत्रणाच बदलायला हवी.

पत्ता खोटा असण्याचं पहिलं कारण हीच यंत्रणा. ती म्हणजे दोन्ही बाजूंमधला कैद्यांच्या अदलाबदलीचा डिक्स-हिल करार, 22 जुलै 1862. पकडल्यापासून 10 दिवसांत कैद्याला शब्दावर सोडायचं आणि रीतसर अदलाबदल होईपर्यंत त्याने शस्त्र धरायचं नाही. ठिकाणं दोन: जेम्स नदीवर एक, पश्चिमेला व्हिक्सबर्ग. भावही ठरलेला: सरसेनापतीला 60 शिपाई, मेजर जनरलला 40, ब्रिगेडियरला 20, कर्नलला 15, लेफ्टनंट कर्नलला 10, मेजरला 8, कॅप्टनला 6, लेफ्टनंटला 4, सार्जंटला 2. नियमपुस्तिकेत हा तक्ता शोभेसाठी छापलाय, खेळात कुठेच लागत नाही!

करार मोडला तो आफ्रिकी-अमेरिकी सैनिकांवरून. हे सैनिक म्हणजे पळालेले गुलाम, त्यांना युद्धकैदी मानणार नाही, अशी दक्षिणेची भूमिका होती. मे 1863 मध्ये त्यांच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, या पलटणींच्या गोऱ्या अधिकाऱ्यांवर खटले भरायचं ठरवलं आणि सर्वसाधारण अदलाबदल थांबत गेली. जुलैमध्ये उत्तरेचा सेनापती ग्रँटने व्हिक्सबर्गला दक्षिणेच्या सुमारे 29 हजार जणांना शब्दावर सोडलं, तर त्यांची अदलाबदल झाली की नाही यावरूनच भांडण लागलं. 18 ऑगस्ट 1864 च्या पत्रात ग्रँटने स्पष्ट लिहिलं की सोडलेला प्रत्येक शत्रू लगेच आपल्याविरुद्ध उभा राहतो. ऑक्टोबरमध्ये दक्षिणेचा सेनापती लीने अदलाबदल सुचवली तेव्हा ग्रँटने विचारलं की काळे सैनिक त्यात धरणार का. पूर्वी गुलाम असलेल्यांना धरणार नाही, असं उत्तर आल्यावर त्याने नकार दिला. लष्करी हिशेब आणि हा प्रश्न, दोन्ही एकाच नकारात गुंतलेले आहेत.

आम्ही केलेली दुरुस्ती अशी. राखाडी ठोकळा काढून टाकला. पटाबाहेर दोन डबे मांडले, एक दक्षिणेच्या छावण्यांचा, एक उत्तरेच्या. 1 चिंचोका म्हणजे 1,000 माणसं. 80 चिंचोके पुरतात, वेगळ्या सोंगट्या विकत घेऊ नका. अँडरसनव्हिलच्या खान्यात मार्चपासून भरत जा, ऑगस्टमध्ये 33 व्हायला हवेत. ती जागा 10 हजार माणसांसाठी आखलेली, साडेसोळा एकरांची साडेसव्वीस केली तरी 33 हजारांत माणशी कागदावर 35 चौरस फूट, आणि त्यातच ओढ्याची दलदल आणि पाय टाकला तर गोळी अशी आतली हद्द. मृत्यूंसाठी मे ते जुलै दर 15 चिंचोक्यांमागे 1 काढा, ऑगस्टमध्ये दर 10 मागे 1. ऑगस्टमध्ये 3 निघतात, आणि त्या महिन्यात खरोखर सुमारे 3 हजार माणसं मेली, बहुतेक अतिसार, आमांश आणि स्कर्व्हीने. आमचा पहिला प्रमाणभाव सरसकट 10 मागे 1 होता. त्याने जूनमध्येच फार जास्त मृत्यू यायचे, म्हणून बदलला.

उत्तरेच्या डब्यालाही हाच न्याय लावा. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराच्या छावणीत सुमारे 12 हजारांतले जवळपास 3 हजार कैदी दगावले. मूळ खेळात एल्मायराचं नावही नाही, याचा मला फार राग आहे.

अदलाबदल करायची तर दोन्ही डब्यांतून सारखे चिंचोके काढा. दक्षिणेच्या दर 2 चिंचोक्यांमागे व्हर्जिनियात त्यांची 1 तुकडी उभी राहते. उत्तरेच्या परतलेल्यांची तुकडी होत नाही, कारण बरेच आजारी असतात आणि पुष्कळांची नोकरीची मुदत संपलेली असते. काळ्या कैद्यांसाठी काळ्या शाईने खूण केलेले 2 चिंचोके ठेवा. ही संख्या मोजून काढलेली नाही, प्रश्न पटावर दिसावा म्हणून ते आहेत. त्यांना वगळून अदलाबदल करता येते, पण मग लिंकनची भरतीची पट्टी 3 घरं मागे. युद्धभरात जवळपास 1 लाख 80 हजार काळे सैनिक उत्तरेकडून लढले, म्हणून 3 घरं जास्त नाहीत. सप्टेंबरमध्ये उत्तरेचा सेनापती शर्मन आणि दक्षिणेचा हूड यांनी जॉर्जियात सुमारे 2,000 जणांची स्थानिक अदलाबदल केली होती, तशी 2 चिंचोक्यांची एक चाल एकदाच द्या.

खोटेपणाचं दुसरं कारण तारीख. अध्यक्ष 8 नोव्हेंबरला निवडून येतो, पण शपथ 4 मार्च 1865 ला. मधले 4 महिने सत्ता लिंकनकडेच. आपण हरणार असं वाटून 23 ऑगस्टला त्याने एक टिपण लिहिलं, मंत्र्यांकडून न वाचताच त्याच्या पाठीवर सह्या घेतल्या. हरलो तर नव्या अध्यक्षाबरोबर मिळून शपथेआधी संघराज्य वाचवायचं, असं त्यात होतं. या टिपणाचा पत्ता खेळात आहे, पण त्याचा परिणाम फक्त 1 मत. तो उचलून उत्तरार्धाच्या सुरुवातीला ठेवा. डिसेंबर ते फेब्रुवारी चाली लिंकनच्या, मॅक्लेलनला फक्त मार्चची फेरी.

असं खेळलं की 'कैदी घरी' पत्त्यातली हवाच जाते. दक्षिणेचं अटलांटा शहर 2 सप्टेंबरला उत्तरेच्या हाती पडल्यावर चालू शकणारे बहुतेक कैदी अँडरसनव्हिलमधून हलवलेले असतात. वर्षअखेरीला हजारो आजारी कैद्यांची सवाना आणि चार्ल्स्टनला अदलाबदल झालेली असते. जानेवारीत दक्षिण सगळ्या कैद्यांना धरायला तयार होते आणि फेब्रुवारीत मोठी अदलाबदल सुरूही होते. मॅक्लेलन शपथ घेतो तेव्हा त्याने सोडवायचं असं फारसं कुणी उरत नाही. तो आधीच अध्यक्ष असता तर त्याने काळ्या सैनिकांना वगळलेला करार स्वीकारला असता का, हा खरा पर्यायी इतिहासाचा प्रश्न, आणि खेळ तो विचारतच नाही.

नव्या नियमांनी 9 डाव झाले. डाव 40 मिनिटांनी लांबतो, पण आता हा पट काढावासा वाटतो. मॅक्लेलन त्यात 2 दा जिंकला. दोन्ही वेळा लिंकन खेळणाऱ्याने ऑगस्टच्या दबावाखाली वगळून अदलाबदल केली होती, त्यामुळे भरती घसरली आणि अटलांटा वेळेवर पडलं नाही. 'कैदी घरी' पत्ता जसा छापलेला आहे तसाच आम्ही वाचला. त्यावर खूण केलेल्या चिंचोक्यांसाठी एकही ओळ नाही, म्हणून 4 मार्चला ते दोन्ही डब्यातच राहिले.