रिलॅक्सर बंद करून वर्ष होत आलं: केस कापायचे कधी?

आधी थेट सांगते. रिलॅक्सर (कुरळे केस कायमचे सरळ करणारं रसायन) थांबवणं आणि रिलॅक्स केलेले केस कापून टाकणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला जितक्या लवकर घ्याल तितका बरा. दुसऱ्याची घाई करू नका, पण तो उगाच लांबवूही नका. माझा सगळा अनुभव या दोन निर्णयांमधल्या महिन्यांचा आहे.

माझे बाबा केनियाचे, शिकायला पुण्यात आले आणि इथलेच झाले. आई साताऱ्याची. केस मात्र पूर्ण बाबांचे, ४सी प्रकारातले, स्प्रिंगसारखे घट्ट. शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी सक्तीच्या, आणि हे केस कसे विंचरायचे ते पुण्यात कुणालाच ठाऊक नाही. शेवटी एका सुट्टीत नैरोबीच्या आत्याने रिलॅक्सर लावून दिला. पुढे कॉलेज, नोकरी, लग्न होऊन न्यू जर्सीला येणं, सगळं झालं तरी दर दोन महिन्यांचा टच-अप, म्हणजे मुळाशी नव्याने वाढलेल्या केसांना पुन्हा रिलॅक्सर लावणं, चालूच राहिला. टाळू चुरचुरायची, कधी कानामागे खपली धरायची. ते मी नेहमीचंच धरून चालले होते.

रिलॅक्सर नेमकं काय करतो ते समजलं की पुढचं सोपं जातं. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड असतं. त्यालाच लाय म्हणतात. ‘नो-लाय’, म्हणजे बिनलायचा, असं लिहिलेल्या डब्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडिन कार्बोनेट एकत्र करतात. दोन्ही जबरदस्त अल्कधर्मी. केसाला आकार देणारे आतले डायसल्फाइड बंध त्याने तुटतात आणि ते पुन्हा जुळत नाहीत. म्हणजे सरळ झालेला केस कुठल्याही तेलाने, मास्कने किंवा महागड्या ट्रीटमेंटने परत कुरळा होणार नाही. कुरळा येईल तो मुळातून, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. तुमचे जुने कर्ल परत आणून देतो असं कुणी म्हणालं तर पैसे वाचवा.

थांबायचं नक्की केलं ते एका अभ्यासामुळे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ‘सिस्टर स्टडी’चे निष्कर्ष ऑक्टोबर २०२२ मध्ये आले. ३३,४९७ स्त्रियांची माहिती त्यात होती. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरलेल्या स्त्रियांना वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता १.६४ टक्के, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांना ४.०५ टक्के असा अंदाज निघाला. यावरून रिलॅक्सरनेच कर्करोग होतो हे सिद्ध होत नाही, संशोधकांनीही तसं म्हटलेलं नाही. पण वर्षाला चार हा आकडा मी कधीच ओलांडला होता. मला तेवढं पुरलं.

मग सुरू झाला खरा कठीण भाग. एकाच केसाला दोन स्वभाव. मुळाकडचा भाग बोटांत धरला तर खडबडीत, दाट, ओढला की मागे उसळणारा. खाली गेलं की एकदम गुळगुळीत, पातळ, निर्जीव. दोन्ही जिथे मिळतात ती रेषा सगळ्यांत नाजूक, केस तुटतो तो बहुतेक तिथेच. म्हणून या काळात कोरडा कंगवा फिरवणं पूर्ण बंद. भरपूर कंडिशनर लावून, ओल्या केसांत, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकापासून मुळाकडे गुंता सोडवायचा. शनिवारची अख्खी सकाळ त्यात जाते, हे गृहीत धरा. रात्री सॅटिनची टोपी.

न्हाण्याआधी खोबरेल तेल मात्र मी सोडलं नाही. इथल्या मैत्रिणी शिया बटरच्या बाजूच्या, आणि न्हाल्यावर ओलावा धरून ठेवायला मीही तेच वापरते. पण मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल अशी तुलना केली होती. केसांतलं प्रथिन वाहून जाणं लक्षणीय कमी झालं ते फक्त खोबरेलने. (खोबरेल तेल ही मॅरिकोची स्वतःची वस्तू आहे हेही लक्षात ठेवावं.) माझ्या केसांना आदल्या रात्री लावून ठेवलेलं मानवलं. काहींचे केस त्याने ताठ होतात, त्यांनी हट्ट करू नये.

बॉक्स ब्रेड्सनी, म्हणजे डोकंभर घातलेल्या बारीक वेण्यांनी, हिवाळा सुसह्य केला. पुण्यात मामेबहिणीचं लग्न होतं, त्यातही वेण्यांवर गजरा छान बसला. फक्त त्या घट्ट घालू देऊ नका. कपाळाजवळ पुरळ आलं किंवा डोकं ठणकलं तर त्याच दिवशी सोडा, नाहीतर कडेचे केस कायमचे जातात. दोन महिन्यांपलीकडे तर ठेवूच नयेत.

आता कापायचं कधी? लोक महिने मोजतात, मी बेसिनमध्ये बघत होते. आपोआप गळलेला केस पूर्ण लांबीचा असतो आणि त्याच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते. तुटलेला तुकडा आखूड, बिनगाठीचा. धुतल्यावर हे आखूड तुकडे जास्त दिसू लागले की लांबी टिकवण्याला काही अर्थ राहत नाही, कारण ती तशीही चाललीच आहे. शिवाय नवा केस दोन पदरी ट्विस्ट धरण्याइतका वाढलेला असला की कापल्यावर काहीतरी करता येतं. माझ्या बाबतीत या दोन्ही गोष्टी वसंतात जुळून आल्या.

आईला सोसलं नाही. “अगं, एवढे कमरेपर्यंत आलेले, आणि कापतेस?” तिच्यासाठी लांब केस म्हणजे बाईचं वैभव, आणि ते मनापासून आहे. बाबा मात्र व्हिडिओ कॉलवर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “माझ्या आईचे असेच होते.” आजीला मी पाहिलेलं नाही. मला फार बरं वाटलं.

अमेरिकेत असाल आणि ऑफिसची काळजी असेल तर आपल्या राज्यात क्राउन कायदा आहे का बघून ठेवा. केसांच्या नैसर्गिक पोतावरून भेदभाव करायला त्याने बंदी येते. कॅलिफोर्नियाने तो २०१९ च्या जुलैत सर्वांत आधी केला, न्यू जर्सीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. सगळ्या राज्यांत अजून नाही.

टाळूला जखमा असतील किंवा कडेचे केस विरळ झाले असतील तर माझ्यासारखं महिनोन्‌महिने थांबू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आणि लेकीला आत्ता पहिला रिलॅक्सर लावायच्या विचारात असाल तर कळकळीने सांगते, नका लावू. तिच्या केसांसाठी शनिवारची सकाळ द्या.

कापायला जाताना सलूनमध्ये आधी विचारा, ४सी केस कोरडे कापता येतात का. सरळ भाग कुठे संपतो ते ओल्या केसात दिसतं, पण हे केस वाळले की आखडून अर्ध्याहून कमी दिसतात. म्हणून आधी ओल्यात रेषा बघून सरळ भाग काढायचा, आणि आकार वाळल्यावर द्यायचा.