आपोआप वाढणारा आवाज: टीव्हीच्या बटणपट्टीवर नवे टॅक्ट स्विच, आठ महिन्यांनंतर

टीव्ही ३२ इंची एलईडी, सात वर्षं वापरलेला. मागच्या बाजूला उजव्या कडेला सात बटणांची पट्टी. तक्रार अशी की आवाज आपोआप वाढत १०० वर जायचा, मध्येच सोर्सची यादी उघडायची, आणि पावसाळी हवेत हे दोन्ही जास्त. मे महिन्यात बटणांखालचे सातही टॅक्ट स्विच (दाबलं की टक् करणारे छोटे स्विच) बदलले. अख्खा पावसाळा गेला, आता जानेवारी आहे, आवाज एकदाही स्वतःहून हललेला नाही. एकूण खर्च एका प्लेट मिसळीइतकाही नाही. स्विच दोन-चार रुपयांना एक मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुना स्विच दाखवला की काम होतं.

हा दोष दिसला की बऱ्याच ठिकाणी थेट 'मदरबोर्ड गेला' म्हणतात. त्याआधी फुकटात होणारी तपासणी करा. रिमोटचे सेल काढून ठेवा. रिमोटचंच बटण अडकलेलं असेल तर उपद्रव लगेच थांबतो. उलट तक्रार असेल, म्हणजे रिमोट चालतो पण टीव्हीवरची बटणं मुळीच चालत नाहीत, तर सेटिंगमध्ये 'की लॉक' किंवा 'हॉटेल मोड' (टीव्हीवरची बटणं बंद ठेवणारी सोय) चालू आहे का ते आधी पाहा. तेवढ्यासाठी पाठ उघडण्यात अर्थ नाही.

उघडायचाच असेल तर प्लग भिंतीतून काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो, आणि थांबल्यानंतरही त्या भागाला हात लावायचा नाही. टीव्ही सपाट जागी गोधडीवर पालथा, पॅनेलवर कुठेही जोर न देता. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कुठला कुठे होता ते कागदावर मांडून ठेवा.

आता बटणपट्टीचा कनेक्टर काढा, पाठ लावा आणि दोन दिवस फक्त रिमोटवर टीव्ही चालवा. उपद्रव थांबला तर दोष पट्टीत. काही टीव्हींत रिमोटचा सेन्सर याच पट्टीवर असतो, तिथे ही युक्ती चालत नाही, मल्टीमीटरच लावावा लागतो. टच बटणांच्या टीव्हीत मात्र बदलायला स्विचच नसतात.

खरी गंमत दोषी स्विच शोधण्यात आहे. सात बटणांना सात तारा नसतात. या पट्टीवर एकच तार आहे, मेनबोर्डवर ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ३.३ व्होल्टला बांधलेली. प्रत्येक बटण वेगळ्या रेझिस्टरमधून ती तार ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टकडे, ओढतं आणि प्रोसेसर व्होल्टेजवरून बटण ओळखतो. 'आवाज वाढवा'चा रेझिस्टर १५ किलोओहम, म्हणजे दाबल्यावर साधारण २.५ व्होल्ट. 'मेन्यू'चा १ किलोओहम. मेन्यूचा स्विच आतून ओलावा आणि धूळ धरून बसला होता: न दाबताही १५ किलोओहम दाखवत होता, म्हणजे रेझिस्टरचा १ धरून वाट १६ किलोओहमची. व्होल्टेज परत अडीचच्या आसपास, आणि प्रोसेसर समजतो कुणीतरी आवाज वाढवतंय! हवा आणखी दमट झाली की तीच गळती ५ किलोओहमवर येते, व्होल्टेज १.८ वर, आणि तिथे 'सोर्स' बसलेलं. म्हणून जे बटण आपोआप दाबल्यासारखं वाटतं तेच खराब, असं धरून चालू नका. आवाजाचाच स्विच बदलून टीव्हीची पाठ पुन्हा लावणारे इथेच फसतात.

मीटरने मोजताना पट्टी सुटी ठेवा. एकही बटण न दाबता तार आणि ग्राउंडमध्ये मीटरने कुठलाच रेझिस्टन्स दाखवता कामा नये. दाखवलं तर एकेका स्विचवर मोजा, सगळ्यांत कमी आकडा ज्यावर तो दोषी. दोन्ही टोकं बोटांनी धरू नका, नाहीतर अंगाचाच रेझिस्टन्स मोजला जातो. पट्टी सुटी असतानाही मेनबोर्डकडच्या पिनवर ३.३ च्या जागी कमी व्होल्टेज असेल, तर मात्र काम पट्टीचं नाही. ते मेकॅनिककडे द्या.

स्विच साधा ६ × ६ मिलिमीटरचा, चार पायांचा. पायांचं अंतर दोन बाजूंना वेगळं असल्यामुळे तो आडवा बसत नाही. जबरदस्तीने बसवला तर बटण कायमचं दाबलेलं राहतं, कारण दोन-दोन पाय आतून जोडलेले असतात. खरा घोळ उंचीचा. बोर्डापासून दांडीच्या टोकापर्यंत मोजून घ्या: ४.३, ५, ६, असे प्रकार येतात. उंच स्विच घेतला तर पाठ घट्ट होताच बटण दबतं आणि नवा दोष तयार.

पट्टीचा बोर्ड तपकिरी, एकाच बाजूने तांब्याचा. २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न, प्रत्येक पायावर आधी थोडं नवं सोल्डर, मग सकर (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा छोटा पंप). तीन सेकंदांत सुटलं नाही तर गार होऊ द्या. रेटत राहिलात की तांब्याचा पॅड उचलून येतो. जुने स्विच निघाल्यावर त्याखालची तेलकट धूळ आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून काढा, कारण गळती तिथूनही होते. नुसता क्लीनर स्विचमध्ये फवारला की काही आठवडे बरं वाटतं, मग ओलावा त्याच वाटेने परत शिरतो. एवढ्या स्वस्त भागासाठी तो खटाटोप कशाला? सातही बदला.

आठ महिन्यांतली एकमेव कुरकुर पॉवरच्या बटणाची. तिथे ५ मिलिमीटरऐवजी ४.३ चा स्विच बसला गेला, त्यामुळे बटण खोल दाबावं लागतं. बाकी सहा बटणं नव्यासारखी टकटकतात, जुन्यांपेक्षा किंचित कडक. पडदा पुसायचा स्प्रे आता थेट टीव्हीवर मारत नाही, फडक्यावर घेतो. कडेने ओघळून तो पट्टीपर्यंत पोचतो. गेल्या आठवड्यात पाठ काढून पुन्हा मोजलं: सातही स्विच मोकळे, तारेवर पूर्ण ३.३ व्होल्ट.