पिकोलो, फ्लूट की आपली बासरी?

गावातलं पोट्टं भजनात बासरी वाजवतं आणि आता त्याला मिलिटरी किंवा पोलीस बँडात जायची हौस आली. घरचे म्हणतात, पिकोलो घेऊन देऊ. लहान आहे, स्वस्त पडंल, हातात मावंल. त्यातलं स्वस्ताईचं तेवढं खोटं.

फ्लूट म्हणजे बँडातली, छिद्रांवर झाकणं असलेली विलायती आडवी बासरी. पिकोलो तिच्या निम्म्या लांबीचा, साधारण 32 सेंटिमीटर. बोटं जवळपास तशीच पडतात, स्वर मात्र एक सप्तक वर निघतात. त्याचा सगळ्यात वरचा स्वर पियानोच्या शेवटच्या पट्टीपर्यंत, म्हणजे 4186 हर्ट्झच्या आसपास जातो. माणसाचा कान याच भागात सगळ्यात तिखट असतो. म्हणून ऐंशी वाजवणाऱ्यांच्या ऑर्केस्ट्रात एकटा पिकोलो लपत नाही, आणि चुकला तरी लपत नाही. बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीत (ऑर्केस्ट्रासाठीची चार भागांची मोठी रचना, 1808) पिकोलोवाला तीन भाग गप्प बसतो आणि चौथ्यात तोंड उघडतो. चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिम्फनीच्या तिसऱ्या भागात त्याला काही क्षणांची तुफान धावपळ आहे. जगभर ऑर्केस्ट्राच्या निवडचाचण्यांत हा तुकडा हटकून वाजवायला लावतात. थोडं वाजवायचं, पण बिनचूक.

टाळ-मृदंगाच्या गदारोळात आपली आखूड बासरी ऐकू येते, तेही याच कारणानं. पण भजनासाठी पिकोलो घेऊ नका, असंच मी सांगेन. बासरीच्या उघड्या छिद्रावरून बोट सरकवलं की मींड निघते, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाता येतं. पिकोलोवर छिद्रं झाकणाखाली, बोट सरकवायला जागाच नाही. उलट त्यात बाराही स्वर हाताशी, त्यामुळे बँड कुठल्याही पट्टीत गेला तरी वाद्य बदलावं लागत नाही. बासरीवाल्याला मात्र बुवांच्या काळी चार पट्टीसाठी एक आणि पांढरी पाचसाठी दुसरी, अशी पिशवीच बाळगावी लागते. ती सगळी पिशवी मिळूनही एका बऱ्या पिकोलोपेक्षा स्वस्त.

बँडच ठरलं असेल तर आधी फ्लूट. पिकोलोचं फुंकायचं छिद्र बारीक, ओठ आवळून जोरात पण बारीक धार सोडावी लागते, आणि सूर जरा हलला की कानाला टोचतो. हे ओठ फ्लूटवर तयार होतात. ऑर्केस्ट्रातही बहुतेक पिकोलोवाले मुळात फ्लूटवालेच असतात. लहान पोराचा हात पुरत नसेल तर वाकड्या मानेचा फ्लूट मिळतो. सोबत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची विलायती स्वरलिपी, शिकायला लावा. बँडात सरगमवर भागत नाही.

लाकडी पिकोलोचा आवाज गोड, हे खरं. पण मे महिन्यात चंद्रपूर-यवतमाळकडं पारा 45च्या वर गेला की कोरड्या हवेत लाकूड तडकायची भीती. शिवाय उन्हात कुठलंही फुंकवाद्य चढ्या सुरात बोलतं. आपल्याकडं प्लॅस्टिकच्या अंगाचा बरा. पावसाळ्यात पॅड, म्हणजे झाकणांखालच्या गाद्या, फुगतात, आणि ते बसवणारा तालुक्याला सहसा भेटत नाही.

उत्तर प्रदेशातल्या मेरठच्या जाली कोठी या वाद्यांच्या बाजाराकडचं बँडचं सामान आपल्याकडं स्वस्तात येतं. घ्यायचंच असलं तर वाजवणारा सोबत न्या आणि सगळ्यात खालचा स्वर हलक्या फुंकीनं वाजवायला लावा. पॅड कुठंही गळत असेल तर तो स्वर आधी अडखळतो.