स्पोर्ट्स ॲपचा वर्षाचा प्लॅन: बरेच महिने वापरल्यावर

ॲपचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर खाली त्यावरच भांडणं सुरू होतील. आयपीएलच्या तोंडावर सगळ्यात महाग प्लॅन घेतला, कारण वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं 'जाहिरातमुक्त' आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'लाइव्ह खेळ सोडून'. अरे मग घेतला कशाला, लाइव्ह बघायलाच ना!

आधी चांगलं सांगतो. पिक्चर एकदम क्लिअर, आमच्या फोंड्यात पावसात लाइट गेली तर गेली, बाकी अडकत नाही. मराठी कॉमेंट्री बाबांना जाम आवडली, आता हिंदी लावूच देत नाहीत.

पण जाहिराती! ओव्हरचा शेवटचा बॉल पडला रे पडला की पान मसालावाल्यांची वेलची हजर, बाबा रिमोट घेऊन म्यूट करतात, आणि परत मैदान दिसतं तेव्हा पुढच्या ओव्हरचा पहिला बॉल कीपरच्या हातात असतो, स्ट्राइकवर कोण होता तेपण कळत नाही. कधीकधी ओव्हर चालू असतानाच चित्र आकसतं आणि बाजूला नि खाली पट्टी येते. सिक्सला स्पॉन्सर, कॅचला स्पॉन्सर. 2009 ला आयपीएलने स्ट्रॅटेजिक टाइमआउट (डावाच्या मध्येच टीमला डावपेच ठरवायला मिळणारा ब्रेक) आणला, त्यातली स्ट्रॅटेजी मला तरी अजून दिसलेली नाही, जाहिराती मात्र दर मॅचला दिसतात.

हिशेब बघितला तर नवल वाटत नाही म्हणा. 2023 ते 2027 चे आयपीएलचे हक्क टीव्ही-डिजिटल मिळून 48,390 कोटींना गेले, 410 मॅचेस धरून, म्हणजे एका मॅचमागे जवळपास 118 कोटी! ते काय माझ्या वर्गणीतून निघणारेत? 2023 ला हीच आयपीएल मोबाइलवर फुकट दाखवून सवय लावली आणि मग मीटर सुरू केलं. तेव्हा पैसे भरले की जाहिराती जातील ही आशा सोडा. (आमच्याकडे वाड्यावरच्या टेनिस बॉल टुर्नामेंटलासुद्धा आमदाराचा फोटो बॅट्समनपेक्षा मोठा असतो, तर यांना काय बोलणार.)

फुटबॉलवाल्यांनी हाच प्लॅन घेतला तर जरा सुखात राहतील. पंचेचाळीस मिनिटं खेळ थांबत नाही त्यामुळे जाहिरात घुसवायला फटच नाही, बोर्ड काय ते मैदानाच्या कडेला. पण तेही किती दिवस, 2026 च्या वर्ल्ड कपला फिफाने प्रत्येक हाफमध्ये तीन मिनिटांचा पाणी प्यायचा ब्रेक ठरवलाय, हवा गार असली तरी, आणि त्यात चॅनलवाल्यांना जाहिराती दाखवायची मुभा आहे. एफसी गोवाची मॅच असली की मी सरळ फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जातो, तिथे बोर्ड असतात पण बॉल कुणी झाकत नाही.

फक्त भारताच्याच वनडे आणि टी20 बघणार असाल तर एवढा खर्च करूच नका. 2007 च्या कायद्यामुळे त्या डीडीच्या फ्री डिशवर दिसतात. जाहिराती तिथेही आहेत, पण निदान महिन्याचे पैसे तरी जात नाहीत.

माझ्याकडून पाचपैकी अडीच स्टार, त्यातला एक मराठी कॉमेंट्रीचा. घेतलातच तर ऑटो-पे पहिल्याच दिवशी बंद करा, ते बटण सेटिंगमध्ये पार खाली लपवलंय.