टीव्हीवरची बंदूक: ब्रेकिंग न्यूज की सविस्तर रिपोर्ट?

अमेरिकेत गोळीबार झाला की ब्रेकिंग न्यूजमध्ये हाताशी असेल ते जुनं फुटेज फिरू लागतं. घोटाळा तिथेच होतो. दुकानात मिळणारी एआर-१५ रायफल सेमी-ऑटोमॅटिक असते, ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी. पडद्यावर मात्र कधीकधी फुल-ऑटो, म्हणजे ट्रिगर दाबून धरला की सलग गोळ्या झाडणारी मशीनगन धडधडते. मे १९८६ नंतर बनलेली मशीनगन तर तिथे सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. ‘एआर’ म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ हेही खुशाल ठोकून देतात. ते मुळात आर्मालाइट कंपनीचं नाव.

सविस्तर रिपोर्ट उशिरा येते, पण माझं मत तिलाच. तिच्यात बंदूकमालक तिजोरी उघडून दाखवतो, गोळ्या वेगळ्या ठेवतो. तिथल्या बंदुकीच्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, हेही तिच्यातच कळतं. बंदूकमालक म्हणजे शिकारी टोपी आणि पिकअप ट्रक, हा साचा मात्र तिलाही सुटत नाही!