थंडी परतली की बास माशासाठी कोणतं आमिष टाकायचं: जर्कबेट की रबरी अळी?
अमेरिकेतल्या अलाबामातला गंटर्सव्हिल तलाव म्हणजे टेनेसी नदीवर १९३९ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाचं पाणी. मार्चअखेर ते १५ अंशांच्या आसपास जातं, बास अंडी घालायला काठाकडे सरकू लागतात आणि नेमकी उत्तरेची गार हवा येऊन थडकते. वर लख्ख निळं आकाश, खाली मासा तोंड मिटून.

जर्कबेट, म्हणजे झटके देत ओढायचा नकली छोटा मासा, चालतं ते वारा आणि स्वच्छ पाणी असेल तर. दोन झटके द्यायचे नि थांबायचं. एरवी तीन सेकंद, अशा दिवशी दहा. ते पाण्यात अधांतरी उभं राहतं आणि मासा बहुधा त्या थांब्यातच धरतो. पण इथे पाणगवत उदंड. निम्मा वेळ गळ साफ करण्यात जातो.

रबरी अळी पाच इंची, गळ बरोबर मधोमध टोचलेला. टाकायची आणि, खरं सांगतो, काहीच करायचं नाही. दोन्ही टोकं थरथरवत ती खाली उतरते. गळाचा तंगूस हळूच बाजूला सरकला की ओढायचं. बायकोला वाटतं, मी बसल्या बसल्या झोपलोय! वारा पडला की मी तरी हीच उचलतो. माझा सगळ्यात मोठा मासा मात्र जर्कबेटलाच लागलाय.